मोसेत्लानेचं रिकामं सेशन

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अख्ख्या देशातले गुरांचे परवाने ठप्प झाले आणि गोराता सेबेगोच्या हातातलं तळलेल्या पिठाचं मागविन्या तोंडात जायचं राहिलं. एक फोन वाजला, तो ठेवते तोवर दुसरा, मग तिसरा. सगळीकडून एकच रड. आकडा येत नाही. 'नवा परवाना' दाबलं की पडद्यावर ते गोल चक्र गरगरत बसतं आणि समोर उभा असलेला गुरांचा मालक आमच्याकडे असा बघतो, जसं काही आम्हीच त्याची गाय पळवली.

एरवी असं झालं असतं तर गोरातानं आधी नाश्ता संपवला असता. पण हा आठवडा एरवीचा नव्हता. उत्तरेकडे लाळ्या-खुरकत निघाली होती, आणि शुक्रवारी दुपारी बाराला उत्तर आणि दक्षिण टापू वेगळे करणाऱ्या मधल्या कुंपणाची सगळी दारं बंद होणार होती. त्याआधी ज्यांची गुरं दक्षिणेला आली ती वाचली. पलीकडे राहतील ती रोगाच्या टापूत धरली जाणार, आणि त्या टापूतली गुरं सरसकट मारून पुरतात हे या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दारातून गुरं काढायची तर परवाना हवा, परवान्याला आकडा हवा आणि तो आकडा निघायचा राजधानीत, गाबोरोनीत, गोराताच्या खोलीशेजारी गुरगुरणाऱ्या डेटाबेसमधून. तो डेटाबेस नीट चालवणं ही गोराताची नोकरी. म्हणजे बघा, कुणाच्या मानेवर काय बसलं होतं.

अर्धा तास नुसते फोन घेतल्यावर तिनं चालू सेशनांची यादी उघडली. ही यादी म्हणजे दवाखान्यातली रांग समजा. कुठल्या गावचा माणूस यंत्राला जोडलेला आहे, काय मागतोय, कधीपासून बसलाय आणि कुणामुळं अडलाय, हे सगळं एकेका ओळीत. परवाने थांबले की कुठंतरी माहितीची एखादी अवजड मागणी, क्वेरी म्हणतात तिला, सर्व्हरच्या छातीवर बसलेली असते, हा तिचा नऊ वर्षांचा अनुभव. ती शोधायची, उठवायची, संपलं.

अवजड काहीच नव्हतं. सर्व्हर तर इतका निवांत, की सुट्टीवर आलाय की काय. शेहेचाळीस गावं रांगेत, सगळी थांबलेली, आणि सगळ्यांच्या पुढं एकच ओळ:

मोसेत्लाने. काम: काही नाही. एकतीस मिनिटं. कुलूप: हातात.

"आँ?" गोराता एकटीच मोठ्यानं म्हणाली.

"काय झालं?" तिचे साहेब, र्रा मोआगी, दारात उभे. इकडं पुरुषाला मानानं र्रा म्हणतात, बाईला म्मा. साहेब माणूस भला, पण वरून फोन आला की त्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि तो घाम ते दुसऱ्याच्या कपाळावर पुसायला निघायचे. "गोराता, मंत्रालयातून दोनदा फोन आला. काय चाललंय?"

"बघतेय, र्रा."

"बघतेयस ते मलाही दिसतंय. तुला काय दिसतंय ते सांग."

"मोसेत्लानेच्या कार्यालयानं आकड्याच्या वहीला कुलूप घातलंय. म्हणजे एकानं आकडा घेतला की त्याचा परवाना पुरा होईपर्यंत पुढचा आकडा कुणालाच मिळत नाही. ते बरोबरच आहे, नाहीतर एकच आकडा दोघांना जाईल. पण परवाना भरायला लागतात तीन मिनिटं. हा माणूस अर्धा तास आकडा घेऊन बसलाय आणि करत मात्र काहीच नाहीये."

"काहीच नाही?"

"ढिम्म. एक अक्षर टाइप केलेलं नाही."

"मग मार की त्याला!"

आमच्या धंद्यात हे रोजचं बोलणं आहे, बाहेरच्यानं दचकू नये. सेशन मारायचं म्हणजे त्याची जोडणी तोडायची. गोरातानं तोडली. शेहेचाळीस ओळी एकेक करून हलायला लागल्या, फोन शांत झाले, साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. मागविन्या तोवर गार होऊन चामड्यासारखं झालेलं. तिनं ते तसंच खाल्लं.

बुधवारी पुन्हा तेच. आदल्या संध्याकाळी गोरातानं परवान्यांच्या तक्त्याला आकडे पटकन सापडावेत म्हणून दोन नवे इंडेक्स घातले होते, जुना कचरा काढला होता, आणि यंत्रणा आता नुसती धावणार असं साहेबांना सांगितलंही होतं. धावली ना! सव्वानऊला धावली ती थेट भिंतीवर. मोसेत्लाने, काम काही नाही, पंचवीस मिनिटं. मध्येच ते सुटलं, तीन मिनिटांत परवाना पुरा होऊन आला, गोरातानं हुश्श केलं, तर लगेच पुन्हा मोसेत्लाने, काम काही नाही. तिला काही म्हणजे काही उमजेना. माणूस झोपतो म्हणावं, तर झोपेतून उठून तीन मिनिटांत बिनचूक परवाना कसा भरतो? लाइन तुटते म्हणावं, तर लाइन धडधाकट. शेवटी चाळीस मिनिटं झाली तेव्हा तिनं पुन्हा तोडलं आणि मोसेत्लानेला फोन लावला. तिथं एकच माणूस बसतो, र्रा मोथिबी. पन्नाशी उलटलेला, शांत बोलणारा.

"दुमेला, र्रा मोथिबी. मी गोराता, गाबोरोनीहून."

"दुमेला, म्मा! कशा उठलात?"

"बरी उठले. र्रा, तुमचं सेशन—"

"घरचे कसे उठले?"

"बरे उठले. हे बघा, तुमच्या—"

"आईंचा गुडघा कसा आहे? ट्रेनिंगला आला होतात तेव्हा दुखत होता म्हणाला होतात."

दोन वर्षांपूर्वीचा आईचा गुडघा! गोराताच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्यातच तिला स्वतःची लाजही वाटली, कारण हा माणूस विचारत होता ते रीतीचं होतं आणि तीच गाढवासारखी घुसत होती. "गुडघा बरा आहे. र्रा, आत्ता तुमची जोडणी मी तोडली. त्याआधी चाळीस मिनिटं तुम्ही काय करत होता?"

"काही नाही, म्मा."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे यंत्रावर काही नाही. समोर माणूस होता."

"मग कुलूप का धरून ठेवलंत?"

"कसलं कुलूप? कार्यालयाचं कुलूप तर गेल्या वर्षीच मोडलंय. मी तीनदा अर्ज केला. तुमच्याकडे आला नाही का?"

गोरातानं कपाळावर हात मारला. तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला आणि हे बोलणं तिथंच राहिलं. तिला आधी जेवढं कळत होतं, त्यातलंही अर्धं आता गेलं.

गुरुवारी तिनं आठवडाभराच्या नोंदी काढून पसरल्या. कुठल्या वेळी कोण अडलं, कुणामुळं अडलं, किती वेळ. सात वेळा परवाने अडले होते, सातही वेळा मोसेत्लानेमुळं. सकाळी नऊ ते अकरा एवढ्यातच हा प्रकार, अकरानंतर मोसेत्लाने शांत. का? देव जाणे. साहेब तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"कुठंतरी पाणी मुरतंय," साहेब म्हणाले. "स्वतःच्या नातेवाइकांची गुरं आधी काढत असणार तो. बाकीच्यांना अडकवून ठेवतो."

"तसं असतं तर मोसेत्लानेचे परवाने सगळ्यात जास्त निघाले असते, र्रा. सगळ्यात कमी त्यांचेच निघालेत. आठवड्यात एकोणीस."

"मग?"

"मग मला माहीत नाही."

"पाच मिनिटं रिकामं दिसलं की यंत्रानंच मारावं असं करून टाक."

"केलं असतं. पण वाळवंटाकडच्या गावांची लाइन इतकी मंद आहे, की त्यांना खरोखर काम करतानाही सात-आठ मिनिटं लागतात. ते सगळे फुकट मरतील."

"आणि तो प्रोग्रामच बदलता येत नाही का?"

"बनवणारे म्हणतात तीन आठवडे."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि बसले. "गोराता, उद्या बाराला दारं बंद. संध्याकाळी मला वर अहवाल द्यायचाय. त्यात मला एक नाव पाहिजे. मोथिबी तर मोथिबी, माझं काही म्हणणं नाही, पण नाव पाहिजे."

मोथिबीला नोकरीवरून काढणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि का काढणार, तर तो काहीच करत नाही म्हणून, आणि तो काहीच का करत नाही हे कुणालाच कळलेलं नाही म्हणून. गोराताला हे गिळवेना. बोलता बोलता साडेदहाला तो पुन्हा रिकामा बसलेला दिसला, पन्नास मिनिटं, तेव्हा तिनं दात-ओठ खात त्याला तिसऱ्यांदा मारलं आणि साहेबांना म्हणाली, "उद्या सकाळी मी तिकडं जाते. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणाचं नाव लिहिणार नाही."

शुक्रवारी उजाडता उजाडता ती कार्यालयाची पिकअप घेऊन निघाली. ऑक्टोबरचं ऊन, सातलाच पत्रा भाजत होता. रस्त्यात गाढवं ठाण मांडून उभी, ती हलवण्यात वेळ गेला. पावणेअकराला ती मोसेत्लानेत पोचली. एक खोली, पत्र्याचं छप्पर, दारात मोरुलाचं झाड आणि झाडाखाली बाकावर तीन-चार माणसं. मोथिबी एका टोपीवाल्या गृहस्थांबरोबर होता, म्हणून गोराता मान लववून कोपऱ्यातल्या बाकावर बसली, मांडीवर लॅपटॉप उघडला, फोनवरून जोडणी केली आणि यादी लावली.

मोसेत्लाने. काम: काही नाही. एक मिनिट. कुलूप: हातात.

तिनं मान वर केली. मोथिबीचा उजवा हात टोपीवाल्याच्या हातात होता आणि डावा हात स्वतःच्या उजव्या कोपराला आदरानं टेकवलेला. दोन्ही हात गुंतलेले. कळफलकावर कुणीच नाही.

"कसे उठलात, र्रा?"

"उठलो बाबा. उन्हानं झोपू देतं कुठं?"

"घरचे?"

"आहेत. धाकटीला ताप होता, उतरला."

"उतरला ना? बरं झालं. आणि तळावर? विहिरीला पाणी?"

गुरांच्या तळावरचं पाणी, पाण्यावरून पंप, पंपावरून पंपवाल्या भावाचं लग्न, लग्नावरून गेल्या महिन्यात वारलेले काका. मोथिबी सगळं ऐकत होता, आणि अर्धं ऐकून अर्धं यंत्राकडे बघावं असंही नाही. डोळे समोरच्याच्या तोंडावर, मान हलतेय, मध्ये 'अरेरे', मध्ये 'हो ना'. गोरातानं खाली बघितलं. काम: काही नाही. नऊ मिनिटं. वर बघितलं. माणूस घामाघूम होऊन काम करत होता.

तिला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही यायला लागलं. असलं काही यंत्राच्या यादीत कुठल्या खान्यात लिहितात?

बाराव्या मिनिटाला मोथिबीनं हात सोडवून घेतला, तीन मिनिटांत परवाना भरला, छापला, दोन्ही हातांनी दिला. यादी हलली. मागे एकवीस गावं अडली होती, ती सुटली.

"म्मा गोराता! कशा उठलात?"

"बरी उठले, र्रा, घरचेही बरे उठले, आईचा गुडघाही बरा," गोराता एका दमात म्हणाली. "मला एकच सांगा. तुम्ही आधी बटण का दाबता? आधी बोलून घ्या, सगळं विचारपूस करून घ्या, आणि मग दाबा ना बटण!"

मोथिबी तिच्याकडे गोंधळून बघत राहिला. ती थट्टा करतेय की काय, असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं यंत्राच्या मागं भिंतीकडे बोट केलं.

तिथं एक कागद चिकटवलेला होता, पिवळा पडलेला, कडांना नव्यानं चिकटपट्टी लावलेला. वर लिहिलं होतं, 'म्मा सेबेगो यांच्या सूचना'. खाली एक: आधी 'नवा परवाना' दाबावे. दोन: आकडा यायला दहा मिनिटे लागतात, तोवर आलेल्या माणसाशी बोलून घ्यावे. तीन: बोलणे झाले की परवाना भरावा.

अक्षर मोथिबीचं होतं. शब्द गोराताचे होते.

तिला आठवलं. दोन वर्षांपूर्वी, जुना सर्व्हर. आकडा यायला खरंच दहा-दहा मिनिटं लागायची आणि लोक खोळंबायचे. ट्रेनिंगच्या हॉलमध्ये तीच उभी राहून म्हणाली होती, "त्यात काय एवढं? आधी दाबा आणि तोवर विचारपूस उरकून घ्या!" सगळे हसले होते. मग नवा सर्व्हर आला, आकडा डोळ्याचं पातं लवायच्या आत यायला लागला, आणि ती सूचना परत घ्यायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बाकीच्या गावांनी ती कधीच धाब्यावर बसवली होती. एका मोथिबीनं पाळली. प्रामाणिकपणे, चिकटपट्टी बदलून बदलून.

"र्रा," गोराता म्हणाली. "हे मी सांगितलं होतं."

"हो तर. फार सोयीचं आहे, म्मा. माणसाला वाटतं आपलं काम सुरू झालं, आणि बोलणंही होतं. फक्त हल्ली मध्येच पडदा काळा होतो. परत जोडलं की आम्ही रांगेत सगळ्यांच्या शेवटी, आणि तास-तास आकडा येत नाही. अकराला बस परत जाते, लोकांना थांबता येत नाही." त्यानं खिडकीबाहेर बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "आली बघा! आज उशीर झाला बसला. म्मासेलेलो आजी आहेत, चार दिवस खेपा घालतायत बिचाऱ्या. आज काहीही करून त्यांचं करायचंच."

आणि म्हातारी बसमधून उतरायच्या आत, काम लवकर व्हावं म्हणून, त्यानं बटण दाबलं.

"नको, थांबा!" गोराता ओरडली, पण आकडा येऊन बसला होता. घड्याळात अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

म्मासेलेलो आल्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, खांद्यावर चौकड्यांची शाल, त्या उन्हातही. काठी दाराला टेकवली आणि मोथिबीचा हात दोन्ही हातांत धरला. मोथिबीनं कोपराला हात लावला आणि त्यांना न्कुकु, म्हणजे आजी, म्हणून हाक मारली. झालं.

"कशा उठलात, न्कुकु?"

"उठले म्हणायचं," म्हातारी म्हणाली, आणि बोलायला लागली.

गोराताच्या मांडीवर ओळी वाढायला लागल्या. दहा, एकोणीस, तीस. शेवटचा तास, सगळा देश बटण दाबत होता. फोन थरथरला. साहेब. तिनं तोंडावर हात धरून हळूच घेतला.

"गोराता! पुन्हा मोसेत्लाने! तू तिथंच आहेस ना? मार त्याला!"

"र्रा, इथं एक म्हातारी—"

"चाळीस गावं अडलीत! मार!"

तिनं फोन कापला. पंचेचाळीस. एकावन्न. तिचं बोट त्या ओळीवर होतं. तोडलं तर एकावन्न गावं सुटतील आणि म्हातारी एकावन्नांच्या मागं जाईल, म्हणजे बारा वाजून जातील. न तोडावं तर हे बोलणं संपेपर्यंत सगळ्यांचेच बारा वाजतील. आणि मध्येच तोंड घालावं? गोराता गाबोरोनीत राहिली, शिकली, सवरली, पण सत्तर वर्षांच्या बाईचं दुःख तोडून 'आजी, आवरा' म्हणायला तिची जीभ उचलेना. मोथिबीचीही उचलली नसती. तो बिचारा मान हलवत होता आणि त्याचे दोन्ही हात अडकले होते.

हात अडकले होते. एवढंच होतं की सगळं!

गोरातानं लॅपटॉप आणि फोन बाकावर ठेवले, पुढं झाली आणि म्हातारीसमोर गुडघ्यावर बसली. "न्कुकु," ती म्हणाली, "मला नाही का भेटायचं? मी लांबून आलेय."

म्हातारीनं खाली बघितलं. "हे कुणाचं लेकरू?"

"सेबेगोंची मी. आजोळ कान्येचं." आणि गोरातानं आपले दोन्ही हात पुढं केले. म्हातारीनं मोथिबीचा हात सोडला आणि तिचे धरले. हात खरखरीत होते आणि तापलेले.

गोरातानं मान न वळवता म्हटलं, "र्रा मोथिबी, लिहा."

मोथिबी क्षणभर गांगरला. मग त्याला कळलं. मागून कळफलकाचा टकटकाट सुरू झाला.

"कान्येच्या कुणाची?" म्हातारी विचारत होती. "उंच बाई होती एक तिथं, मातीची मडकी करायची."

"ती माझी मावसआजी."

"अगं बाई! आहे का अजून?"

"नाही, न्कुकु. चार वर्षं झाली."

"अरेरे." म्हातारीनं तिचे हात दाबले. "चांगली माणसं राहत नाहीत. माझं बघ. माझा भाऊ मोलाओ मंगळवारपासून कुंपणाच्या दाराशी गुरं घेऊन उभा आहे. परवान्याचा आकडा फोनवर सांगितला की सोडतात. पण आकडा येईल तर ना! मंगळवारी आले, यांनी आकडा घेतला, आणि पडदा काळा. बुधवारी तेच. काल तेच. कुणीतरी तिकडं बसलंय म्हणतात, ते पुसून टाकतं मला. मी त्याचं काय केलं होतं?"

टकटकाट चालू होता.

"दाराशी पाणी नाही ना," म्हातारी म्हणाली. "मोलाओ गाढवगाडीतून पिपं आणतो, पण पुरतंय कुठं."

मोथिबीनं मागून हलक्या आवाजात विचारलं, "न्कुकु, गुरं एकोणीस ना? मंगळवारी एकोणीस म्हणाला होतात."

"सतरा लिही," म्हातारी म्हणाली.

टकटकाट थांबला. मग दोन कळांचा आवाज आला, एक आणि सात. छपाईयंत्र कुरकुरलं. बाकावरच्या लॅपटॉपमध्ये त्रेसष्ट ओळी एकेक करून गळायला लागल्या. गोराताला त्या दिसत नव्हत्या, तिची त्यांच्याकडे पाठ होती. मोथिबी दारात जाऊन फोनवर ओरडून आकडा सांगत होता, एकेक अंक, दोनदोनदा. पलीकडून मोलाओनं काहीतरी विचारलं. "हो, हो, आत्ताचा, ताजा आहे! घाल दारातून! वीस मिनिटं आहेत अजून!"

काम झालं होतं. हात सोडवून घेता आले असते. बाकावर फोन पुन्हा थरथरत होता, साहेबांना नाव हवं होतं, आणि नाव तिच्यापाशी होतं.

"न्कुकु," गोराता म्हणाली, "ते पुसणारं माणूस मीच आहे. मंगळवारी, बुधवारी, काल, मीच तोडलं. मला वाटलं इथं कुणी काहीच करत नाहीये." "आणि र्रा मोथिबींना ती चुकीची रीतही मीच शिकवली होती. त्या दोन गाई माझ्यामुळं गेल्या."

मोथिबी दारात उभा राहिला. म्हातारी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली, आणि गोराताला वाटलं की आता ही हात झटकणार, तेच बरोबर आहे.

हात सुटले नाहीत.

"तू लांबून आलीस," म्हातारी म्हणाली. "माझ्यासमोर बसलीस. मी कशी उठले ते विचारलंस?"

"नाही, न्कुकु."

"घरच्यांचं विचारलंस?"

"नाही."

"गुरांचं विचारलंस?"

गोरातानं नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, पण ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"मग विचार की," म्हातारी म्हणाली. "नीट विचार. आता मला घाई नाही, आणि तुलाही नाही."

फोन थरथरून थरथरून बाकावरून खाली पडला. कुणी उचलला नाही. गोरातानं गुडघे नीट मुडपले, नाक ओढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"कशा उठलात, न्कुकु?"

"उठले, लेकरा."

"घरचे कसे उठले?"

"बरे उठले."

"आणि गुरं?" तिनं विचारलं. "आधी कोण गेली?"

"त्शुंगवाना," म्हातारी म्हणाली. "पांढऱ्या तोंडाची. बुधवारी दुपारी, साधारण याच वेळेला."